कुंपण आणि शेत

अध्यक्ष महाशय, पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो, सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आपल्या खानदेशात शेताला बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालतात. ढोरे आत शिरू नयेत आणि कपाशी शाबूत राहावी, एवढाच त्यामागचा हेतू असतो. बाजारात जाऊन आपल्या कुंपणाचा भाव विचारणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. मात्र हेच कुंपण दरवर्षी आतल्या बाजूने हातभर रुंद होत गेले, तर वीस वर्षांनी पेरायला जागा उरणार नाही, आणि बाहेरून पाहणारा मात्र म्हणेल की काय राखण आहे! ख्रिस्ती जीवनात ज्याला आपण कर्मठपणा म्हणतो, तो मला असा दिसतो.

कुंपणाची ही उपमा मी शोधलेली नाही. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात, नियमशास्त्राभोवती कुंपण घाला, असा जुन्या गुरुजनांचा उपदेश आलेला आहे. शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विसाव्याच्या, दिवशी काम करू नये अशी मोशेची आज्ञा होती. काम म्हणजे काय, हे ठरवताना त्याच ग्रंथात ३९ प्रकारची कामे मोजली गेली. याला आपण हसण्याचे कारण नाही. ज्याला देवाची आज्ञा मोडण्याचे भय वाटते, तोच अशी मोजणी करतो. परूशी हा शब्द आपण आता शिवीसारखा वापरतो, पण हेरोद राजाच्या काळात सहा हजारांहून अधिक असलेले, नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे हे यहुदी लोक समाजात आदरणीय होते, असे योसेफस या इतिहासकाराच्या लेखनावरून दिसते. आज ते आपल्या मंडळीत आले असते, तर आपण त्यांना पंचकमिटीवर घेतले असते.

म्हणूनच लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील तो परूशी नीट पाहण्यासारखा आहे. तो खोटे बोलत नाही. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताचा, जिवाला दंडन करण्यासाठी नेमलेला असताना तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, आणि मिळकतीचा दशमांशही देतो. शिवाय मंदिरात प्रार्थना करताना तो, ‘देवा, मी इतरांसारखा नाही, आणि मागे उभ्या असलेल्या, लोकांनी पापी मानलेल्या या जकातदारासारखाही नाही’, असे म्हणून देवाचे आभार मानतो. म्हणजे कृपेचे शब्दही त्याच्या तोंडी आहेत. मग बिघडले कुठे? त्याच्या प्रार्थनेतून तो मागे उभा असलेला जकातदार काढून पाहा. प्रार्थना लगेच लंगडी पडते, कारण त्याच्या नीतिमत्त्वाला उभे राहण्यासाठी कोणीतरी खाली असावा लागतो. लूकने दाखल्याच्या आरंभीच या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: स्वतःच्या नीतिमत्त्वाचा भरवसा आणि इतरांना तुच्छ लेखणे. आपल्यात हा रोग आहे की नाही हे तपासायचे असेल, तर आपण किती नियम पाळतो हे मोजण्यापेक्षा, एखादा नियम पाळताना आपल्या डोळ्यांसमोर कोण उभा राहतो, हे पाहावे.

आता आपल्याकडच्या नियमांविषयी. पश्चिम खानदेशात जे स्कँडिनेव्हियन मिशनरी आले, त्यांच्यापाठीमागे त्यांच्या देशांतील संजीवन चळवळींचा, म्हणजे मंडळ्यांतली श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या चळवळींचा, वारसा होता, आणि साधी राहणी व दारूबंदी हा त्या वारशाचाच भाग होता. इकडे त्यांना मोहाच्या दारूपायी सावकाराच्या वहीत अडकलेली कुटुंबे दिसली. दारू सोडा, हा नियम त्या घरांत खरोखर सुवार्ता होऊन गेला. तो पाळला म्हणून पोरे शाळेत गेली, बायकांच्या अंगावरचे वळ गेले. या नियमाची टिंगल मी कधीही करणार नाही. पण जो नियम पहिल्या पिढीने सुटका म्हणून घेतला, तो तिसऱ्या पिढीच्या हातात मोजपट्टी होऊन येतो. मग यादी वाढते: सिनेमा पाहिला का, टिकली लावली का, शेजारच्या हळदीला गेला का, उपासाच्या प्रार्थनेला किती वेळा आला. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत वडिलांच्या सोवळ्याने घर कसे हैराण झाले होते ते लिहिले आहे. ते वाचून आपण मनमुराद हसतो आणि पुस्तक मिटून कोणाच्या हातात बांगड्या किती, ते पाहू लागतो.

या रोगाची एक दुसरी जातही आहे, आणि ती गर्विष्ठ दिसत नसल्यामुळे लवकर ओळखू येत नाही. ती भीतीतून येते. पुढे धर्मसुधारक म्हणून गाजलेला मार्टिन लूथर १५०५ साली जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात दाखल झाला. तिथे तो तासन् तास पापांगीकार करी, आणि बाहेर पडताच एखादे पाप सांगायचे राहिले असे वाटून पुन्हा अस्वस्थ होई. रोमकरांस पत्रातले ‘देवाचे नीतिमत्त्व’ हे शब्द त्याला धाक घालीत, आणि पुढे हे नीतिमत्त्व विश्वासाने मिळणारे दान आहे असे उमगले, तेव्हा तो धाक गेला. आपल्या मंडळ्यांतही अशी माणसे आहेत. एक दिवस शास्त्रवाचन चुकले की दिवसभर काहीतरी वाईट घडणार म्हणून ती धास्तावलेली असतात. त्यांना झोडपणारे प्रवचन देऊ नये. ती आधीच पुरेशी झोडपली गेली आहेत.

पहिल्या जातीचा मी स्वतः रोगी होतो, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. मी एकोणीस वर्षांचा होतो. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस होता. आपल्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर घास वाहतात, आणि मग खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. शेजारच्या काकू दरवर्षीप्रमाणे ताट घेऊन आल्या. आई घरी नव्हती. मी दारातच सांगितले, “हे पितरांना दाखवलेलं आहे, आम्हाला चालत नाही.” काकू क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काबरं भाऊ, आम्हना हातनं चालत नही का तुमले?”

ते अन्न नाकारणे चूक होते की बरोबर, यावर विचारी ख्रिस्ती माणसांत आजही मतभेद आहेत. प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिले की समोर वाढलेले चौकशी न करता खा. आणि त्याच ठिकाणी हेही लिहिले की हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. माझी चूक नाकारण्यात असेल किंवा नसेल. नाकारताना मला सुख झाले, यात ती नक्की होती. पुढच्या रविवारी तरुणांच्या सभेत मी ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली आणि माझी वाहवा झाली. काकूंचे वाक्य तेवढे साक्षीतून गाळले.

ते वाक्य गाळावे लागले, कारण ते कुठून आले हे मला पुरते ठाऊक होते. माझ्या आजोबांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतत. ज्या प्रभूने त्यांना आपल्या मेजावर बसवले, त्याच प्रभूच्या नावाने त्यांच्या नातवाने दुसऱ्याच्या हाताला विटाळ लावला होता. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याचे हेच झाले. तो आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेहून यहुदी रीत पाळणारी काही माणसे आल्यावर त्यांच्या भीतीने तो पंगतीतून उठला, आणि पौलाचा सोबती बर्णबा याच्यासारखा माणूसही त्याच्या मागे वाहवत गेला. पौलाने त्याला सर्वांसमोर अडवले. गलतीकरांस पत्रात त्याने याला शिष्टाचाराची चूक म्हटलेले नाही. हे लोक सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाहीत, असे तो लिहितो. कोणाबरोबर बसून जेवतो यावर त्याने सुवार्ता पारखली, हे मला फार मोठे वाटते.

इथे एक सावधगिरी. हे व्याख्यान ऐकून घरी जाताना ‘देवा, मी त्या कर्मठ भावासारखा नाही’ असे मनात आले, तर परूशी जागा बदलून पुन्हा उभा राहिला असे समजावे. नियम मोडण्याचाही दिमाख असतो, आणि शहरात शिकून आलेल्या आमच्यासारख्यांना तो अधिक चढतो. करिंथात मूर्तीच्या प्रसादाला न भिणारे लोक बरोबरच होते. पौलाने त्यांना सांगितले की ज्ञानाने माणूस फुगतो, आणि ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो दुबळा भाऊ तुमच्या त्या ज्ञानाने नष्ट होतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आपल्या शेतकरी घरांत लगेच ओळखू येतो. धाकटा बाहेर पैसा उडवून परत आला, बापाने त्याच्यासाठी मेजवानी घातली, आणि हा दिवसभर शेतात राबून संध्याकाळी घराजवळ येतो तेव्हा आतून वाजंत्री ऐकू येते. त्याचा राग अगदी समजण्यासारखा आहे. पण तो बोलतो कसा, ते ऐका. बापाशी बोलताना तो गुलामगिरीचे क्रियापद वापरतो आणि भावाला ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. इतकी वर्षे बापाच्या घरात राहून तो मजुरीचा हिशेब ठेवत होता, हे त्या घरच्या मेजवानीनेच बाहेर काढले.

माझ्या घरी त्या आखाजीला पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आई परतली, तिला कळले, आणि मला एक शब्दही न बोलता ती काकूंकडे गेली. मी खिडकीतून पाहत होतो; ती त्यांच्या ओट्यावर मांडी घालून जेवत होती. आईने तडजोड केली, असे मी तेव्हा मानले. त्या ओट्यावर जायला मला आणखी अकरा वर्षे लागली. तोवर काकूंची दृष्टी गेली होती. मी काही सांगू लागलो, तर आवाजावरून ओळखून त्यांनी मला मध्येच थांबवले आणि विचारले, “जेवना का रे भाऊ?”