मिलीग्रॅमपासून मिलीलिटरपर्यंत : गिनीपिगचे प्रतिजैविक

वजनकाट्यावर एक प्रौढ गिनीपिग बसला आहे आणि आकडा 900 ग्रॅमवर स्थिरावला आहे. त्याच्या नाकाभोवतीची लव ओलसर होऊन चिकटली आहे, श्वास घेताना बरगड्या नेहमीपेक्षा जास्त हलत आहेत, आणि पशुवैद्यांनी श्वसनमार्गाच्या संसर्गाचे निदान करून प्रतिजैविक लिहून दिले आहे. आता हे औषध नेमके किती मिलीलिटर पाजायचे, हे केवळ वजन पाहून सांगता येत नाही.

मात्रेच्याही आधी औषध कोणते, हे तपासावे लागते, कारण काही प्रतिजैविकांची तोंडावाटे देण्याजोगी सुरक्षित मात्रा गिनीपिगसाठी नाहीच. हा प्राणी गवतावर जगतो आणि गवतातील तंतुमय भाग त्याच्या उंडुकात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील मोठ्या पिशवीत, जीवाणूंकडून आंबवला जातो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही औषधे नेमक्या याच उपयुक्त जीवाणूंचा फडशा पाडतात. मग एरवी दबून राहणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा घातक जीवाणू फोफावतो, त्याच्या विषाने आतड्याला तीव्र दाह होतो आणि जनावर काही दिवसांतच दगावू शकते. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी यांनी पेनिसिलिनची निर्णायक चाचणी आठ उंदरांवर घेतली, हे वैद्यकाचे सुदैवच म्हणायचे. गिनीपिगवरील त्याचे घातक परिणाम 1943 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून घरात कोणासाठी तरी आणलेले आणि उरलेले अमॉक्सिसिलिन ‘अगदी थोडेसे’ पाजून पाहणे, ही या प्राण्याच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक ठरते. बॅसिट्रासिन हे असेच धोकादायक प्रतिजैविक असलेले मलम जखमेवर लावले, तरी ते चाटले जाऊन पोटात जाते, याचाही विसर पडू नये.

एन्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, ट्रायमेथोप्रिम आणि सल्फाचे मिश्रण ही औषधे गिनीपिगला तुलनेने सोसतात. समजा, पशुवैद्यांनी एन्रोफ्लॉक्सासिन दर किलोमागे 10 मिलीग्रॅम, दर बारा तासांनी, असे लिहिले आहे. 0.9 किलोला 10 ने गुणले की 9 मिलीग्रॅम येतात, आणि इथवर सहसा कोणी चुकत नाही. घोटाळा होतो तो बाटलीपाशी. अडीच टक्के द्रावणाच्या एका मिलीलिटरमध्ये 25 मिलीग्रॅम औषध असते, म्हणून 0.36 मिलीलिटर पुरते. कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळण्यासाठी मिळणाऱ्या दहा टक्के द्रावणात मात्र प्रति मिलीलिटर 100 मिलीग्रॅम असतात, आणि त्यातून तेवढेच 0.36 मिलीलिटर काढले, तर चौपट औषध पोटात जाते. ‘पॉइंट थ्री सिक्स द्या’ एवढीच सूचना त्यामुळे अपुरी आहे. चिठ्ठीवर मिलीग्रॅम, द्रावणाची तीव्रता आणि मिलीलिटर हे तिन्ही लिहून मागावेत, आणि त्यात संकोच बाळगू नये.

मिश्र औषधात आणखी एक मेख असते. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोलच्या एका प्रचलित द्रवरूप औषधात 5 मिलीलिटरमागे अनुक्रमे 40 आणि 200 मिलीग्रॅम असतात, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये एकूण 48 मिलीग्रॅम. दर किलोमागे 30 मिलीग्रॅम ही मात्रा दोन्ही घटक मिळून धरली, तर आपल्या गिनीपिगला सुमारे 0.56 मिलीलिटर लागते. तीच केवळ ट्रायमेथोप्रिमची समजली, तर सुमारे 3.4 मिलीलिटर, म्हणजे सहापट. लिहिणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मोजण्यासाठी शंभर भागांची, एक मिलीलिटरची, सुई काढलेली सिरिंज वापरावी. इन्सुलिनची सिरिंज हाताशी असली, तरी तिच्यावरच्या रेघा एककांच्या असतात; 0.36 मिलीलिटर म्हणजे शंभर एककांच्या सिरिंजवर 36, तर चाळीस एककांच्या सिरिंजवर जेमतेम साडेचौदा. गढूळ औषध असल्यास बाटली नीट हलवावी, नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जहाल होतात.

पाजताना सिरिंजचे टोक पुढच्या दातांमागील मोकळ्या फटीतून बाजूने आत सरकवावे आणि थेंब थेंब सोडत प्रत्येक घोट गिळू द्यावा, कारण एकदम ढकललेले औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. एखादी वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. आजारात वजन घटते, म्हणून ते रोज त्याच वेळी करून लिहून ठेवावे आणि ठळक फरक पडला तर मात्रा पुन्हा ठरवून घ्यावी. गिनीपिगच्या शरीरात जीवनसत्त्व सी तयार होत नाही, त्यामुळे आजारपणात त्याचा पुरवठाही पशुवैद्यांना विचारून सांभाळावा. गवत खाणे थांबले, लेंड्या बारीक किंवा पातळ झाल्या, तर कोर्स संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. मात्रा चुकून जास्त गेली असेल, तर या प्राण्याला उलटी होत नाही, म्हणून वाट पाहण्याऐवजी बाटली हातात घेऊनच फोन करावा आणि तिच्यावरची तीव्रता, दिलेले मिलीलिटर आणि दिल्याची वेळ या क्रमाने सांगावी.