पात्यांचं वजन

नमस्कार, श्रोतेहो. फाल्गुन लागला की अंगणात पाचोळ्याचे ढीग पडतात, आणि ज्यांच्याकडे पाचोळा बारीक करायचं जुनं श्रेडर मशीन आहे ते लोक ते कोपऱ्यातून बाहेर काढतात. दुरुस्तीला नेलं की दुकानदार सांगतो, ‘ह्या मॉडेलचे पार्ट बंद झालेत. नवीन घ्या.’ श्रोतेहो, एवढ्यावर मशीन भंगारात घालू नका.

मशीनच्या पोटात असतं तरी काय? मोटर, पट्टा, दोन बेअरिंगं, फिरणारा रोटर आणि त्याला बसवलेली पाती. यातली पाती आणि रोटर तेवढे कंपनीचे स्वतःचे. बाकी सगळा बाजारातला माल, तुमच्या पिठाच्या गिरणीत बसतो तोच. म्हणून आधी नंबर शोधा. बेअरिंग उतरवा, डिझेलच्या फडक्याने पुसा, कडेला कोरलेला नंबर दिसेल. समजा ६२०५ आहे. शेवटचे दोन अंक घ्या, शून्य पाच, म्हणजे पाच, आणि त्याला पाचाने गुणा. पंचवीस. म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरून ५२, जाडी १५. जगातल्या कुठल्याही कंपनीचं ६२०५ ह्याच मापाचं. फक्त दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा, कारण पाचोळ्याची धूळ फार वाईट. पुन्हा सांगतो, आधी नंबर शोधा.

आता पाती. ती मात्र नंबरावर मिळत नाहीत, आणि तिथेच मला आमच्या घरची गोष्ट सांगायची आहे.

आमचं मशीन १९९८ सालचं, वडिलांनी घेतलेलं. परसात दोन आंबे, एक फणस, चार नारळ. (नारळाच्या झावळ्या मात्र मशीनमध्ये घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. हीर काढून खराटा करावा. घरच्या खराट्याने अंगण झाडायचं सुख विकतच्या झाडूला नाही.) तर मशीनची पाती झिजून बोटभर उरली होती. कंपनीचं उत्तर आलं, ‘उपलब्ध नाही.’ मी जुनं पातं घेऊन लोहाराकडे गेलो. त्याने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून नवी दोन पाती घडवली, भोकं पाडली, लाल केली आणि तेलात विझवली. पाण्यात विझवलं तर हे पोलाद तडकतं. धार अशी की नखावर टेकवली तर रुतावी.

घरी आणून बसवली. बटण दाबलं, आणि मशीन थरथरत फरशीवर चालू लागलं! शेजारच्या कट्ट्यावरची पाण्याची कळशी डचमळली. मी बंद केलं. पायाचे बोल्ट आवळले, बेअरिंग बदललं, पट्टा बदलला. दोन रविवार गेले, थरथर तशीच.

शेवटी रोटर काढला आणि कोल्हापुरात उद्यमनगरात, लेथवर लोखंड कातणाऱ्या एका जुन्या टर्नरकाकांकडे घेऊन गेलो. मला वाटलं शाफ्ट, म्हणजे रोटरचा दांडा, वाकलाय, ते लेथवर चढवतील. त्यांनी लेथकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही पाती सोडवली, एक ह्या तळहातावर, एक त्या तळहातावर घेतली, आणि मला विचारलं, “वजन केलंयसा काय ह्यांचं?”

मी केलं नव्हतं. समोर किराणा दुकान होतं. तिथल्या काट्यावर पाती ठेवली. एक ४१२ ग्रॅम, दुसरं ३७२. फरक ४० ग्रॅम! काका म्हणाले, “हीच थरथर.” मग त्यांनी जड पातं ग्राइंडरला लावलं, धारेकडून नाही, मागच्या अंगाने. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, परत घासायचं. पोलाद कुठेही निळं पडू दिलं नाही, कारण निळं पडलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. किराणा दुकानात आमच्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला दोन्ही पाती ३७२.

घरी येऊन मी हिशेब मांडला. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर ४० ग्रॅम जास्तीचे आणि मिनिटाला २८०० फेरे, म्हणजे बेअरिंगवर ५० किलोहून जास्त ओढ, तीही दर फेऱ्याला दिशा बदलत. माझं नवं बेअरिंग त्या ओढीने महिनाभरात गेलं असतं.

काकांनी दीडशे रुपये घेतले. फोनवर वीस हजार घालताना आपण एका शब्दाने भाव करत नाही, आणि टर्नरशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. मला हे अजिबात पटत नाही. आणि पार्ट बंद करायचेच असतील, तर कंपनीने पात्याचं ड्रॉइंग खुलं करावं. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आहेत. बागेची यंत्रंही त्यात यायला हवीत.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगतो. पट्ट्यावर ए किंवा बी आणि पुढे आकडा असतो, तो इंचातली लांबी. मोटर नुसती घूं करते, फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबा, गेलाय. त्यावरचा मायक्रोफॅरड आकडा पाहून तसाच घ्या. पात्यांचे बोल्ट साधे लावू नका, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेले घ्या. आणि हात घालण्याआधी प्लग काढा. बटण बंद पुरे नाही, प्लग काढा. पाती बनवलीत, तर जोडीने वजन करा.

आमच्या मशीनच्या झाकणाच्या आत मी आता पांढऱ्या ऑइल पेंटने लिहून ठेवलंय: बेअरिंग ६२०५, पट्टा ए ४२, पाती ३७२ ग्रॅम. नमस्कार.