डबा, रक्तगट आणि बॉस: शानशानच्या ऑफिसातलं प्रेम

(दृश्य: शांघाय, काचेच्या उंच इमारती, सकाळची गर्दी)

निवेदन: शांघायची सकाळ. मेट्रोतून माणसं नुसती ओसंडून बाहेर पडतायत आणि त्या गर्दीतच धापा टाकत ऑफिस गाठणारी एक पोरगी आहे, श्वे शानशान. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, एका बड्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये अगदी ज्युनिअर. मार्क बेताचे, ओळखपाळख नाही, तरी एवढी भारी नोकरी लागली कशी, हे तिचं तिलाच कळत नाही.

2014 च्या जुलैमध्ये जिआंग्सू सॅटेलाइट टीव्हीवर शानशानची गोष्ट सांगणारी ही चिनी मालिका सुरू झाली, 33 भागांची, बाहेरच्या देशांत ती 'बॉस अँड मी' म्हणून ओळखली जाते. मूळ कादंबरी गु मान या लेखिकेची, पटकथेतही तीच. शानशान झाली झाओ लियिंग आणि कंपनीचा मालक फंग थंग झाला झांग हान.

आता त्या नोकरीचं कारण. एका रात्री शानशानला तातडीने हॉस्पिटलात बोलावून घेतात. मालकाची बहीण फंग युए बाळंत होणार असते आणि तिला रक्त लागू शकतं. रक्तगट एबी निगेटिव्ह. चीनमध्ये निगेटिव्ह रक्ताची माणसं हजारात जेमतेम तीन-चार, म्हणून तिकडे त्याला पांडा रक्तच म्हणतात, आणि त्यातही एबी म्हणजे तर शोधून सापडायचं नाही. शानशानचं रक्त नेमकं तेच. म्हणजे कंपनीने तिला घेतलं ते तिचं काम बघून नाही, तिच्या अंगातलं रक्त बघून. मला विचाराल तर हलक्याफुलक्या म्हणून गाजलेल्या या मालिकेतली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच आहे, कारण पहिली नोकरी लागल्यावर माणूस किती खूश असतो, घरी फोन करून सांगतो, आणि मग कळतं की आपल्या जागी त्या रक्तगटाचं दुसरं कुणीही चाललं असतं.

(दृश्य: ऑफिसचं टेबल, रंगीत डबा उघडतोय)

रक्त दिलं म्हणून आभार मानायला बहीण रोज दुपारी शानशानला डबा पाठवायला लागते. आत काय, तर डुकराची कलेजी, रक्त भरून यावं म्हणून. आजूबाजूच्या डेस्कवरच्या बायका माना वळवून बघतायत, हिला एवढा साग्रसंगीत डबा पाठवतं तरी कोण? शानशान बिचारी खाण्याची शौकीन, नाही म्हणवत नाही.

आणि मग तिला वरच्या मजल्यावर बोलावणं येतं. मालकाच्या केबिनमध्ये समोरासमोर बसून जेवायचं. साहेब खाण्याच्या बाबतीत भलतेच चिकित्सक, नको असलेल्या भाज्या ताटात दिसल्या की चॉपस्टिक्स खाली, आणि त्या भाज्या एकेक करून वेचून काढायचं काम शानशानकडे! हा सीन नीट बघा. ती खाली मान घालून भाज्या वेचतेय आणि तो पेपर वाचायचं सोडून तिच्याकडे बघतोय. प्रेम आहे का? आहे. पण ती त्या क्षणी नाही म्हणू शकते का, हा प्रश्नही तिथेच बसलेला आहे, कारण पगार त्याच्या हातात आहे. झाओ लियिंगने दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दाखवल्यात, मोठी भूक आणि बारीकशी भीती, आणि म्हणूनच तिच्यासाठी ही मालिका परत परत बघावीशी वाटते. हेबेईतल्या खेड्यातून आलेली ही अभिनेत्री, 2006 मध्ये एका टॅलेंट स्पर्धेतून पुढे आली, मग कित्येक वर्षं छोट्या-मोठ्या भूमिका करत राहिली, त्यामुळे नवख्या माणसाचं अवघडलेपण तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे तो तिच्यासाठी मासे धरायचं अख्खं तळंच घेऊन टाकतो आणि हे सगळ्या जगाला कळू दे म्हणतो. तो डायलॉग चीनमध्ये इतका फिरला की मालिका न बघितलेल्यांनाही पाठ झाला.

पण मला तळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती शानशानची अकाउंटिंगची परीक्षा. लोक काय बोलतात ते तिच्या कानावर येतं, मग ती पुस्तकं काढते, रात्री जागते, स्वतःच्या हिमतीवर उभं राहायची धडपड करते. रक्ताने मिळालेली जागा कामाने कमवायची आहे तिला.

चीनमध्ये अशा रुबाबदार, हुकूमत गाजवणाऱ्या मालक-नायकांचं नंतर अक्षरशः पेव फुटलं, मोबाईलवरच्या दोन-दोन मिनिटांच्या मायक्रो ड्रामांत तर जास्तच. शेवटी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या प्रसारण खात्यानेच सूचना काढली की असल्या मायक्रो ड्रामांची संख्या आवरा, नावातला भडकपणा कमी करा.

गु मानने मात्र स्वतःच पारडं फिरवलं होतं. 2021 मध्ये आलेली 'यू आर माय ग्लोरी' तिच्याच कादंबरीवरची. त्यात नायिका देशभर गाजलेली अभिनेत्री आहे, पैसा-प्रसिद्धी सगळं तिच्याकडे, आणि नायक अंतराळ संशोधनातला इंजिनिअर, पगार साधा, कामाचे तास भरमसाठ. तिथे शाळेपासून आवडणाऱ्या त्या मुलाला आधी विचारते ती, आणि आपण हिच्या आयुष्यात बसतो का, ही काळजी त्याला लागते.