साठ गुंठ्यांचा संसार

(दृश्य: मे अखेर. अंगणात वाळत घातलेली रातांब्याची सालं.)

ही माझी वहिनी. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी मे महिना असा लालेलाल असतो. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायची. दुसऱ्या दिवशी परत रसात. याला पूट देणं म्हणतात. पाच-सहा पुटं बसली की साल काळपट होते, दाताखाली मऊ लागते, तेव्हा कुठे ते आमसूल. बियासुद्धा टाकायच्या नाहीत. त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल निघतं, टाचांच्या भेगांना लावायला.

आठ वर्षांपूर्वी हीच वहिनी पुण्यात आमसुलाचं पाकीट दुकानातून आणायची.

दादा चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन सांभाळायचा. तिन्ही पाळ्यांचा फोन त्याच्या उशाशी. आबांच्या तेराव्यालाही तो याच अंगणात, त्या फणसाखाली, फोन कानाला लावून उभा होता. आत पानं वाढून झाली होती, सगळे त्याच्यासाठी थांबले होते. त्या रात्री तो वहिनीला म्हणाला, "आपल्याला जगायला नेमके किती पैसे लागतात, ते एकदा बघूया."

आणि बघितलं. तीन वर्षं वहिनीच्या एकटीच्या पगारात घर चालवलं. दादाच्या पगारातून घराचं कर्ज फेडलं, उरलं ते बाजूला टाकलं. रोजचा खर्च वहीत. राजीनामा दिला तेव्हा लोकांना ते एकाएकी वाटलं. मला नाही वाटलं, मी ती वही पाहिली होती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जमीन वडिलोपार्जित होती. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी आपण शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळकायद्यातली अट आहे. त्यामुळे 'चला, आपणही गावी जाऊ' असं प्रत्येकाला म्हणता येत नाही. आमच्याही सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं होतीच. वाटणी होऊन हातात आले साठ गुंठे, म्हणजे दीड एकर.

(दृश्य: भाजून काळा झालेला राब.)

पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी मे महिन्यात विहीर तळ गाठते. जांभ्या दगडात पाणी ठरत नाही. हा काळा तुकडा म्हणजे राब. शेण, टहाळ, पातेरा थरांनी रचून, वर माती टाकून तो भाजलाय. तणाचं बी जळतं, राख मुरते. इथे रोपं होणार, मग चिखलणी, लावणी. भात निघालं की त्याच ओलीवर कुळीथ आणि कडवे वाल.

दुसऱ्या वर्षी कापणीला आठ दिवस उरले असताना एका रात्रीत रानडुकरांनी भात लोळवलं. तांदूळ विकत आणावा लागला. पोतं घरात आलं तेव्हा वहिनी त्याच्यावर डोकं टेकून रडली. परत जाऊया, असंही म्हणाली. त्या वर्षी कुळथाने तारलं. रोज पिठी, भात आणि भाजलेला सुका जवळा. भाचा अजून पिठी बघितली की ताट सरकवतो, आणि त्याला कोणी रागावत नाही.

याच तालुक्यात कुडावळ्याला दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी नव्वदच्या दशकात येऊन राहिले, निसर्गाला धरून साधं जगायचं म्हणून. दिलीप एके काळी इंजिनिअरची नोकरी करायचे. त्यांचं जगणं दादा-वहिनीपेक्षा फार कडक. इथे फ्रिज आहे, मोबाइल आहे.

वही अजून चालू आहे. मीठ, चहापत्ती, वीजबिल, एसटीचं भाडं, भाचीच्या वह्या. आरोग्यविम्याचा हप्ता कधी चुकत नाही, त्यासाठीच काजू आणि आमसुलं विकायची. वहिनी संध्याकाळी शिकवण्या घेते. काम पुण्यापेक्षा कमी नाही, उलट जास्तच. पण दादा जेवताना जेवतो. बहीण म्हणून मला एवढं एकच बघायचं होतं.

(दृश्य: आभाळ भरून आलेलं. सगळे आमसुलं गोळा करताना.)

"आत्या, ते सूप दे! लवकर!"

शेवटचं पूट राहिलंय. पण ढग आले, आता ती चुलीवरच्या उतवात सुकतील. दादा राबाकडे निघालाय. रोहिण्या लागल्यात, धूळवाफ, म्हणजे पावसाआधीची कोरड्या मातीतली पेरणी आजच उरकायची आहे. बियाणं त्यांच्याच शेतातलं, कणगीतून सकाळीच काढून ठेवलंय.