वसतिगृहातला तेरावा महिना

(दृश्य : रात्र. वसतिगृहाची गच्ची. अंधारात उजळलेले मोबाइलचे पडदे.)

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत आणि पुण्यातील एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाची गच्ची अजून जागी आहे. कठड्याला टेकून, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, जिथे जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथे तिथे मुली बसलेल्या आहेत. खाली त्यांच्या खोल्यांत पलंग आहे, टेबल आहे, दिवा आहे, आणि प्रवेशाच्या वेळी भरलेल्या शुल्काच्या पावतीवर 'इंटरनेट' अशी एक ओळही आहे. तरीही त्या वर येतात आणि पुन्हा स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला डेटा वापरतात.

(दृश्य : वसतिगृहाचा व्हरांडा. छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी पांढरी चकती, त्यावर हिरवा ठिपका.)

पैसे दोनदा का भरावे लागतात, हे समजून घ्यायचे तर व्हरांड्याच्या छतावरील या पांढऱ्या चकतीपासून सुरुवात करावी लागते. इमारत जुनी, काळ्या दगडाची आहे. भिंती हातभर जाड आहेत, आणि जाड दगडी भिंत हा वायफायच्या लहरींना मोठा अडथळा असतो. त्यातल्या त्यात भिंत ओलांडू शकणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, आणि त्याच तीन मार्गांवर या चकत्या, मुलींचे हॉटस्पॉट आणि शेजारच्या इमारतींतील राउटर अशी सगळी गर्दी होते. हिरवा ठिपका रात्रभर जळत असतो, याचा अर्थ यंत्राला वीज मिळते आहे एवढाच घ्यायचा. खोलीतल्या टेबलापर्यंत काय पोहोचते, ते तो ठिपका सांगत नाही.

(दृश्य : ग्रंथालयाच्या तळमजल्यावरील सर्व्हरची खोली. पिवळ्या केबल्स.)

विद्यापीठापर्यंत इंटरनेट पोहोचलेलेच नाही, असे मात्र मुळीच नाही. देशातील शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था वेगवान जाळ्याने जोडण्यासाठी सरकारने मार्च २०१० मध्ये नॅशनल नॉलेज नेटवर्क या ५,९९० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे त्याची उभारणी सोपवली. त्याआधी, २००९ मध्ये सुरू झालेल्या, माहिती-तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिक्षण देण्याच्या राष्ट्रीय अभियानाने विद्यापीठांना सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी देण्याचे काम हाती घेतले होते. तुम्ही पाहत आहात ती पिवळ्या केबल्सची जुडी या प्रयत्नांचेच फळ आहे, आणि त्यामागे सार्वजनिक पैसा आहे. येथून प्रयोगशाळांकडे केबल जाते, विभागांकडे जाते, प्रशासकीय इमारतीकडे जाते. वसतिगृहाचा क्रम शेवटचा लागतो, कारण वसतिगृह ही झोपण्याची जागा आणि ग्रंथालय ही अभ्यासाची जागा, ही समजूत अजून आपल्या मनातून गेलेली नाही. ग्रंथालय रात्री बंद झाल्यावर त्याच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली ही मुले त्या समजुतीचे उत्तर देत आहेत, आणि आमच्या मते ते पुरेसे आहे.

(दृश्य : एका पेठेतील खासगी वसतिगृह. खोलीत चार कॉट, दोरीवर कपडे, एकच खिडकी.)

विद्यापीठाच्या आवारात ज्यांना जागा मिळाली नाही ते शहरात कॉट बेसिसवर राहतात, आणि तेथे हिशेब आणखी कठीण होतो. या खोलीतील एक जण किनवटहून आला आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात जी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचा तो लाभार्थी आहे. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले; भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. इंटरनेटचे नाव या फोडीत कोठेही नाही. त्यामुळे वही, साबण, बसभाडे आणि आजारपणातील औषधे ज्या ८,००० रुपयांत बसवायची, त्यांतूनच रिचार्जही निघतो.

(दृश्य : रिचार्जचे दुकान. काचेवर चिकटवलेले दरपत्रक. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.)

या दरपत्रकातील '२८ दिवस' हे शब्द नीट पाहावेत. महिना तीस-एकतीस दिवसांचा असतो आणि पॅक २८ दिवसांचा, म्हणून वर्षाचे बारा महिने भरून काढायला तेरा रिचार्ज लागतात. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांनी अधिक मासावरून केली. या मुलांचा तेरावा महिना दर वर्षी येतो. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला. तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. ८,००० रुपयांच्या निर्वाहभत्त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम येथेच संपते.

त्याच दरवाढीनंतर वर्षभराचा पॅक ३,५९९ रुपयांचा झाला आणि त्यात रोज अडीच जीबी मिळू लागला. ज्याच्या खिशात एकदम तीन हजार सहाशे रुपये आहेत त्याला रोज एक जीबी जास्त मिळतो आणि वर्षाला २८८ रुपये कमी लागतात. ज्याच्याकडे एकदम तेवढे नाहीत, तो कमी डेटासाठी अधिक पैसे मोजतो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा पॅक ठेवण्यास सांगितले आणि डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नको असणाऱ्यांसाठी केवळ कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायला लावला. दोन्ही निर्णय चांगले आहेत. या खोलीतील मुलांना मात्र डेटाच हवा आहे.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर फिरत राहिलेले चक्र.)

रोजचा दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने दोन एमबीची एक फाइल उतरायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम, प्रवेशाच्या फेऱ्या, परीक्षेचे अर्ज, महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती, सगळे आता याच पडद्यातून जाते. याच खोलीतील दुसऱ्या एकाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अखेरच्या रात्री डेटा संपल्याने राहिला आणि त्याचे ते वर्ष शिष्यवृत्तीविना गेले.

(दृश्य : खिडकीबाहेरील विजेचा खांब. शिडी. तंत्रज्ञ केबल खाली ओढतो.)

या चौघांनी अखेर काँट्री, म्हणजे वर्गणी, काढून खोलीत ब्रॉडबँड घ्यायचे ठरवले. त्यासाठी घरमालकाची परवानगी लागली, पत्त्याचा पुरावा लागला, चौकटीला भोक पाडू नये अशी अट आली आणि केबल खिडकीच्या फटीतून घ्यावी लागली. तीन आठवडे त्यांनी हा पाठपुरावा केला. ज्या दिवशी जोडणी झाली त्या दिवशी आम्ही तेथे होतो.

(दृश्य : फायबर जोडणी. अगदी जवळून.)

तंत्रज्ञ आधी केबलचे काळे आवरण सोलतो, मग तंतूवरील पातळ रंगीत लेप काढतो. उरतो तो काचेचा धागा, १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा. त्याच्याही पोटात प्रकाश वाहून नेणारा गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा असतो. धागा अल्कोहोलने पुसून क्लीव्हर या तोडणीच्या अवजारात काटकोनात तोडला जातो आणि स्प्लायसिंग मशीनच्या खाचेत ठेवला जातो. छोट्या पडद्यावर दोन्ही टोके समोरासमोर येतात, क्षणभर थांबतात, विजेची ठिणगी पडते आणि दोन काचा वितळून एक होतात. जोडावर नळी सरकवून ती तापवली, की काम झाले. चहा निवायच्या आत हे सारे उरकते. खांबावरून आलेल्या अशा एकाच मूळ तंतूवर ३२ घरे चालवता येतात. म्हणजे या इमारतीतील प्रत्येक खोलीला पुरेल एवढा प्रकाश आधीपासूनच तिच्या दारावरून जात होता.

सेकंदाला ३० मेगाबिट वेगाचा ३९९ रुपयांचा प्लॅन, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये. चौघांत वाटले तर प्रत्येकी ११८ रुपयांच्या आत. एकेकट्याने २९९ रुपये भरणाऱ्या चार मुलांनी एकत्र येऊन हे साधले. हे काम वसतिगृह चालवणाऱ्याने एकदाच संपूर्ण इमारतीसाठी का करू नये, आणि विद्यार्थ्याच्या खोलीतील इंटरनेट नळाच्या पाण्याच्या आणि दिव्याच्या रांगेत का धरू नये, हा प्रश्न आम्ही येथे ठामपणे मांडतो. निर्वाहभत्त्यात इंटरनेटसाठी वेगळी रक्कम धरणे हीदेखील सरकारच्या आवाक्यातील गोष्ट आहे.

(दृश्य : कायद्याच्या विद्यार्थिनीचे टेबल. निकालाची छापील प्रत, पेन्सिलीच्या खुणा.)

हा प्रश्न सोयीचा नाही, हक्काचा आहे, असे एका न्यायालयाने म्हटलेले आहे. कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरण्यास मनाई होती. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने तो नियम मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले गेले आणि ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. पुढे त्याच राज्याने के-फोन हे स्वतःचे जाळे उभारून ५ जून २०२३ रोजी सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना ते मोफत देण्याचे उद्दिष्ट ठेवले.

(दृश्य : पुन्हा गच्ची. घड्याळ. बाराचे ठोके दूरवरून.)

बारा वाजले. दिवसाचा दीड जीबी नव्याने सुरू झाला, आणि टाकीजवळ बसलेल्या मुलीने साडेअकराला अडकलेले व्याख्यान, जेथे थांबले होते तेथून, पुढे लावले.