दीड फेरीची उडी

[दृश्य: मे महिन्यातली पहाट. सिमेंटच्या रिंकवर झाडू फिरतोय.]

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून सराव उजाडायच्या आधी सुरू होतो आणि ऊन तापायच्या आत आटोपतो. त्यातली पहिली काही मिनिटं झाडूची. कणीएवढा खडा पुढच्या चाकाखाली आला की चाक जागीच अडतं आणि खेळाडू पुढे फेकला जातो. मागे सरकताना तर तो खडा दिसतही नाही.

हे आर्टिस्टिक रोलर स्केटिंग. उड्या आणि स्पिन (जागच्या जागी गिरक्या) बर्फावरच्या फिगर स्केटिंगसारख्याच, फक्त पात्याच्या जागी चार चाकं. बर्फाच्या बंदिस्त रिंकसाठी इथून डेहराडून, गुरुग्रामसारखं दूरचं शहर गाठावं लागतं, त्यामुळे विदर्भातली मुलं चाकांवरच घडतात. त्यात कमीपणा काहीच नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामानं याच खेळात दोन ब्राँझपदकं आणली, एक एकेरीत आणि दुसरं अवनी पांचाळबरोबर जोडीत.

[दृश्य: जमिनीवर रंगवलेली वर्तुळं. एका पायावर सरकणारी मुलगी.]

सुरुवात उडीने होत नाही, वर्तुळाने होते. मोठं वर्तुळ ६ मीटर व्यासाचं, आत छोटा वेढा घ्यायच्या ‘लूप’ या आकृतीचं २.४० मीटरचं. एका पायावर, एकाच एजवर (म्हणजे पाय आत किंवा बाहेर, एकाच बाजूला कलता ठेवून), रेषा न सोडता पूर्ण फेरी मारायची. मुलं हमखास पायाकडे बघतात. मान खाली गेली की कंबर मागे जाते, भार टाचेवर येतो आणि वर्तुळ बाहेरच्या बाजूला फुगतं. नजर रेषेवर दोन-तीन पावलं पुढे हवी आणि खांदे वर्तुळाच्या वळणाबरोबर हळूहळू फिरायला हवेत. ‘उड्या कधी शिकवणार?’ असं पालक विचारत राहतात. पण ज्या मुलीची बाहेरची एज डळमळते, तिची प्रत्येक उडी पुढे डळमळणारच.

[दृश्य: उलटा ठेवलेला स्केट, जवळून.]

एका जोडीत आठ चाकं आणि सोळा बेअरिंग. चाकावर कडकपणाचा आकडा असतो: ४९ डी मऊ, ५७ डी कडक. गुळगुळीत, निसरड्या फरशीवर मऊ चाक पकड देतं, तर खरखरीत सिमेंटवर कडक चाक हवं, नाहीतर वळताना ते चिकटतं आणि तो झटका गुडघ्याला बसतो. नागपूरचं ऊन आणि पावसाळा, दोन्ही इथं आडवे येतात. मेमध्ये तापलेलं चाक जास्त धरतं, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीच फरशी सटकते. दोन संच घेणं परवडत नसेल तर मधल्या आकड्याचा एक घ्यावा आणि तोच सांभाळावा. चाकाचा नट चाक डुगडुगणार नाही इतपतच आवळायचा. जास्त आवळला तर चाक फिरत नाही. धुळीने बेअरिंग खरखरायला लागली की ती चाकातून काढून धुवायची, पूर्ण वाळवायची आणि पातळ तेलाचे एक-दोन थेंब द्यायचे. चाकासकट रॉकेलमध्ये बुडवू नये.

बुटाच्या बाबतीत मात्र काटकसर अंगाशी येते. ‘वाढतं अंग आहे’ म्हणून एक नंबर मोठा बूट घ्यायचा आणि दोन मोजे चढवायचे, हा प्रकार घरोघरी चालतो. त्यात टाच उचलली जाते, घोटा आत कलतो आणि उडीतून उतरताना पाय बुटातल्या बुटात फिरतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवला की किंचित मागे यावीत. तेवढीच जागा पुरे. त्यापेक्षा जुना, पण मापाचा आणि न मोडलेला बूट बरा.

[दृश्य: ॲक्सेल, संथ गतीत.]

मग येते ॲक्सेल. पुढे तोंड करून झेप घ्यायची ही एकच मोठी उडी, आणि उतरायचं मात्र मागे सरकत, म्हणून फेऱ्या दीड. डावीकडे फिरणारी मुलगी डाव्या पायाच्या बाहेरच्या एजवरून उठते, हवेत भार उजव्या बाजूला घेते आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या एजवर उतरते. सारं अडतं ते भार बदलण्यात. घाई झाली की खांदे आधीच फिरतात, मोकळा पाय वर जाण्याऐवजी बाजूला घुमतो आणि अंग तिरकं होतं. फेरी अपुरी राहते, पुढची चाकं आधी टेकतात, घोटा मुरगळतो. उपाय जमिनीवरच आहे: उजव्या पायावर, मागे सरकत, बाहेरच्या एजवर उभी स्पिन. हवेतली स्थिती हुबेहूब तीच. ही स्पिन पक्की नसताना ॲक्सेलचे शंभर प्रयत्न करून घेणं म्हणजे चूक पाठ करवून घेणं.

जमलेली ॲक्सेल अकरा ते चौदाच्या दरम्यान पुन्हा हरवू शकते. उंची वाढते, हातपाय लांबतात, तेवढ्याच जोरात अंग पूर्वीपेक्षा हळू फिरतं. टाच दुखते, गुडघ्याच्या खाली दुखतं. त्या काळात उड्यांची संख्या कमी करायची, स्पिन आणि वर्तुळं वाढवायची. दुखणं दाबून खेळवलं तर आरामाचे आठवडे महिन्यांवर जातात. लहान गटात पदकांनी भिंत भरलेली कितीतरी मुलं इथंच खेळ सोडतात. त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं की हे वाढीमुळे होतंय, तुझ्यामुळे नाही.

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा स्पर्धांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तांत्रिक मंडळ प्रत्येक उडी आणि स्पिन ओळखतं, पंच तिची प्रत उणे ३ ते अधिक ३ अशी ठरवतात. फेरी अपुरी राहिलेली डबल (दोन फेऱ्यांची) उडी बऱ्याचदा स्वच्छ ॲक्सेलपेक्षा महागात पडते. राष्ट्रीय स्पर्धा बहुतेकदा डिसेंबरात येते, म्हणून दहावीच्या वर्षी संगीत आणि नवी रचना जूनमध्येच ठरवून टाकावी. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठला खेळ आणि कुठली स्पर्धा त्यात धरतात, हे शासन निर्णय वाचूनच ठरवावं. प्रमाणपत्रं पहिल्या स्पर्धेपासून जपून ठेवावीत.

[दृश्य: स्केटचं पातं, बर्फावर.]

कुणाला पुढे बर्फावर जायचं असेल तर फिरण्याची दिशा, हवेतली स्थिती, उतरण्याची सवय सोबत जाते. आड येतो तो पुढे झुकलेला भार, कारण पात्याच्या टोकाला दात असतात आणि ते बर्फात रुततात. आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने २०२४-२५ च्या मोसमापासून सीनियर गटाचं किमान वय १७ केलं आहे. चौदाव्या वर्षी चाकांवर ॲक्सेल पक्की असलेल्या मुलीकडे पातं शिकायला अजून तीन वर्षं आहेत.