आधी पातं, मग यंत्र

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मोजक्या साधनांत स्क्रोल सॉ’. स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायचं यंत्र. त्यावर मी येणार आहे, काळजी नसावी. पण त्याआधी माझा एक लाडका मुद्दा तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल. घरी तो ऐकायला आता कुणी तयार नाही, आणि इथे दार माझ्या बाजूला आहे. (हशा)

मुद्दा असा, की स्क्रोल सॉ विकत घेणारा माणूस यंत्र बघतो आणि लाकूड कापतं पातं. पेन कितीही भारी असो, कागदावर फिरते ती निबच. पाच इंच लांबीचं पातं घ्या, पाच नंबरचं. रुंदी साधारण एक मिलिमीटर, जाडी त्याच्या निम्म्याहूनही कमी. यंत्र काय करतं? ते मिनिटाला चारशे ते सोळाशे-अठराशे वेळा वरखाली हलवतं. बस्स. नक्षी निघते ती या काडीएवढ्या पोलादातून. आणि हेच पातं हातातल्या फ्रेटसॉच्या, म्हणजे हातानं चालवायच्या नक्षीच्या करवतीच्या, चौकटीत बसतं. तीच रेघ, तेच वळण. वेळ जास्त लागतो आणि खांदा दुखतो, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो. ते आज आलेले नाहीत, म्हणून मोकळेपणाने सांगतो. निवृत्त झाल्यावर काहीतरी हातानं करायचं म्हणून त्यांनी थेट यंत्र आणलं. चांगलं वजनदार, दिवा लावलेलं, भुसा उडवायची नळी असलेलं. पहिल्याच दिवशी मला फोन. “अहो, हे लाकूड उड्या मारतंय!” मी जाऊन पाहतो तर पातं उलटं. दात वरच्या बाजूला. दात खाली हवेत, म्हणजे पातं खाली येताना लाकूड टेबलावर दाबलं जातं. वर असले तर ते लाकूड उचलूनच नेणार. बारीक पात्याचे दात डोळ्यांना दिसत नाहीत, हे मान्य. पण बोट हलकेच फिरवून कळतं. एकीकडे गुळगुळीत लागतं, दुसरीकडे अडतं. यंत्र बंद असताना फिरवा, हेही सांगून ठेवतो. सांगावं लागतं.

पातं सुलटं झालं. आठवड्यानं पुन्हा फोन. “यंत्र वाकडं कापतं.” आता हे गृहस्थ आयुष्यभर मोजमापात मुरलेले. त्यांनी गुण्या लावून टेबल तपासलं, नव्वद अंश. पात्याचा ताण तपासला, ठीक. पेन्सिलीनं सरळ रेघ मारायची, लाकूड अगदी नाकासमोर पुढे ढकलायचं, आणि पातं आपलं उजवीकडे. दर वेळी उजवीकडे. मी सांगितलं, यंत्र बिघडलेलं नाही. ते म्हणाले, तुम्हाला यातलं काय कळतं. (हशा) शेवटी त्यांनी यंत्र बदलून घेतलं. दुकानदार भला माणूस असावा. नवीन यंत्र आलं, खोका फोडला, रेघ मारली, कापलं. उजवीकडे!

कारण साधं आहे. बहुतेक पात्यांचे दात साच्यात ठोकून किंवा फिरत्या कटरनं पाडलेले असतात. ते पाडताना एका बाजूला अगदी बारीक कोर उठते. ती बाजू जास्त धारदार, म्हणून पातं तिकडे ओढतं, आणि बहुधा ती बाजू उजवी असते. घासून धार दिलेली पाती मिळतात, त्यांत हे कमी. पण इलाज सोपा आहे. लाकूड काही अंश तिरकं धरायचं आणि तसंच पुढे न्यायचं. नवीन पातं लावलं की आधी एका टाकाऊ तुकड्यावर रेघ कापून ते किती ओढतं बघायचं. हात दोन दिवसांत शिकतो आणि मग विसरूनही जातो की आपण लाकूड तिरकं धरलंय. आमच्या स्नेह्यांनी पाच इंचाचं पातं बदललं असतं तर भागलं असतं. त्यांनी मोटर बदलली.

मागून खूण होतेय. दिसली मला. पण दुसरी तक्रार सांगितल्याशिवाय कसं चालेल? पिनवाली पाती! सुरुवातीच्या स्वस्त यंत्रांना बऱ्याचदा दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलं पातं लागतं. बसवायला सोपं, अडकवलं की झालं. पण जाळीकामात पातं प्रत्येक भोकातून ओवावं लागतं, आणि पिन जायची तर भोक चांगलं मोठं हवं. मग तुमच्या मोराच्या पिसाऱ्यात, जिथे डोळा तांदळाएवढा हवा, तिथे भोकच पिसापेक्षा मोठं! सपाट टोकाच्या पात्याला एक-दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. म्हणून यंत्र घ्यायचंच असेल, नवं असो की जुनं, तर पहिला प्रश्न विचारा: सपाट टोकाचं पातं बसतं का? दिवा आहे का, हा प्रश्न शेवटचा. दिवा घरात असतो.

आणि यंत्राशिवाय मोठं काम होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नाव देतो. आंद्रे-शार्ल बूल, जन्म १६४२, मृत्यू १७३२. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी होता. कासवाच्या कवचाचा पातळ पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवायचा आणि दोन्ही एकदम कापायचे. मग कवचाच्या खिडकीत पितळेची वेल बसवायची, आणि पितळेच्या खिडकीत कवचाची. एका कापण्यात दोन नक्ष्या, एक दुसरीची उलट. वीज नव्हती हो. बारीक करवत आणि माणसाचे हात. त्याच्या नावाची कपाटं आज संग्रहालयांत काचेआड आहेत. थर लावून कापायची ही युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे, त्यावर मी सविस्तर बोलणार होतो, पण... किती? सात मिनिटं? बरं. आता पत्रिकेतला विषय.

साधनं. हाताची फ्रेटसॉ, डझनभर सपाट पाती, एक सी-क्लॅम्प, हाताचं ड्रिल, सँडपेपर, आणि व्ही आकाराची खाच पाडलेली एक फळी. ही फळी टेबलाच्या कडेबाहेर काढून क्लॅम्पनं आवळा. लाकूड खाचेवर ठेवायचं, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना आधार मिळतो. खुर्ची जरा बुटकी घ्या, काम छातीच्या उंचीवर यायला हवं. मूठ फळीखाली, दात मुठीच्या दिशेला, कापायचं खाली ओढताना. चौकट उभीच राहिली पाहिजे. कलली की वरची आणि खालची नक्षी वेगळी येते.

लाकूड तीन ते सहा मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड, आत पोकळी नसलेलं. पात्याचे नंबर लक्षात ठेवा. आकडा लहान तितकं पातं बारीक. पातळ प्लायला एक ते तीन नंबर, जाड प्लायला पाच. ताण इतका की पातं बोटानं छेडलं तर खणखणीत वाजलं पाहिजे. भद्द आवाज आला तर ते वळणावर पोट काढणार.

नक्षी लाकडावर थेट डकवू नका, नंतर खरवडत बसाल. आधी मास्किंग टेप, तिच्यावर गोंदानं कागद. काम झालं की टेप सोला, कागद तिच्यासोबत येतो. आतली भोकं आधी, बारीक आधी, मोठी नंतर, बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी. नाहीतर धरायला काही उरत नाही आणि नाजूक भाग मोडतो. कोपऱ्यावर पातं थांबवायचं नाही. जागच्या जागी वरखाली चालू ठेवा, पुढे दाबू नका, आणि लाकूड हळू फिरवा. कापताना जोर लावावासा वाटला तर पातं मेलंय. बदला. पात्याची काटकसर करणारे लोक शेवटी लाकूड वाया घालवतात, हे मी... हो, हो, आवरतो.

थर लावायचे असतील तर दोन पातळ तुकडे, टाकाऊ भागात दुहेरी टेप, कडेनं साधी टेप. खालच्या बाजूला धागे निघतात ते बारीक सँडपेपरनं. भुशासाठी मास्क लावा, एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, कापत असाल तर नक्कीच, त्याची धूळ फार बारीक असते. पातं तुटून उडतं, म्हणून चष्माही.

पहिलं काम म्हणून मोर काढू नका. एका फळीवर सरळ रेघा, लाटा आणि चौकोन काढा आणि पेन्सिलीची रेघ अर्धी उरेल असं कापा. तेवढं जमलं की साधं पान, मध्ये एकच भोक. मोर नंतर बघू. खाचेची फळी मी आणलीय, बाहेरच्या टेबलावर आवळून ठेवलीय. तिच्यासोबतची पाती तीन नंबरची आहेत आणि उजवीकडे ओढतात, कुणी मला येऊन सांगू नये.